सिलिंडरवरचे नाव आणि आतला वायू

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी नगर रस्त्यावरच्या एका गॅरेजमधल्या पोराला दोघांनी धरून माझ्या शिक्रापूरच्या दवाखान्यात आणले. वय वीस-एकवीस. मोटारीच्या ए.सी.मध्ये गॅस भरताना नळी सटकली होती. उजव्या हाताची तीन बोटे पांढरीफटक पडलेली आणि बोलणे प्यायलेल्या माणसासारखे जड. "डॉक्टर, हा दारूला शिवत नाही हो," असे बरोबरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता. ऊन लागते म्हणून दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले होते, एवढे त्याने जाता जाता सांगितले.

बोटे कोमट पाण्यात ठेवली, प्राणवायू लावला आणि त्याला पुण्याला पाठवून दिले. मग विचारले, "गॅस कुठला होता?"

"एकशे चौतीस. सिलिंडरवर तसंच लिहिलंय."

"बिल?"

बिल नव्हते. नेहमीपेक्षा निम्म्या भावात मिळाला, म्हणून घेतला होता.

वाचकहो, एकशे चौतीस म्हणजे आर-१३४ए. आजच्या बहुतेक मोटारींत आणि दम्याच्या पंपात हाच वायू असतो. तोही बंद जागेत साठला तर माणसाला गुंगी येते, आणि द्रवरूपात हातावर पडला तर कातडी गोठते. तेव्हा पोराच्या लक्षणांवरून आतला माल नकली होता असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण निम्मा भाव आणि बिल नाही, हे माझ्या मनातून जाईना.

माझा एक भाचा कस्टम्समध्ये आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याला हा प्रसंग सांगितला. तो म्हणाला, "मामा, आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच तर शिकवतात. सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचायचं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही."

हे प्रशिक्षण कशासाठी, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२०च्या दशकात अमेरिकेत घरगुती फ्रिजमध्ये मिथाइल क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू असत. नळी गळली की माणसे दगावत. शिकागो शहरात असे मृत्यू झाल्याची नोंद त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहे. त्यावर उपाय म्हणून सी.एफ.सी. वायू शोधले गेले. ते जळत नाहीत, त्यांना वास नाही आणि सहसा विषबाधाही होत नाही. फ्रिजवाल्यांना आणखी काय हवे होते? पण १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हे वायू न विरता वर वर चढतात आणि तिथे त्यांच्यातला क्लोरीन सुटा होऊन ओझोन खातो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडू शकतो. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनच्या विवराची बातमी आली, १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आपल्याकडे याविषयीचे नियम २००० साली आले. दम्याच्या पंपापुरती सवलत ठेवून सी.एफ.सी.चे उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून बंद झाले. पुढे पंपातूनही ते गेले.

बंदी आली म्हणून जुने फ्रिज आणि जुन्या मोटारी काही एका दिवसात भंगारात जात नाहीत. गिऱ्हाईक आहे आणि माल नाही, म्हटल्यावर चोरटा धंदा आलाच. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मायामी बंदरात अमली पदार्थांच्या खालोखाल कमाई या वायूच्या तस्करीत आहे, असे तिथले अधिकारी सांगत. आपल्या शेजारी नेपाळमध्ये २००० सालच्या सुमारास परवान्याशिवाय आलेले तब्बल ७४ टन सी.एफ.सी. जप्त झाले होते.

आता कस्टम्सच्या अधिकाऱ्याची अडचण पाहा. वायूला रंग नाही, वास नाही. एकाच वायूला कंपनीचे एक नाव, रसायनशास्त्रातले दुसरे, मेकॅनिकच्या तोंडचे तिसरे. त्यातून जकातीचा क्रमांक वेगळा आणि वाहतुकीचा वेगळा. म्हणून पहिला धडा नावांचाच असतो. जुना बंदी असलेला आर-१२ असेल तर वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १०२८ हवा, आर-२२ असेल तर १०१८ आणि आर-१३४ए असेल तर ३१५९. कागदावर एक आणि सिलिंडरवर दुसरा क्रमांक दिसला की संशय घ्यायचा. सिलिंडरच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. पूर्वी आर-१३४ए निळ्या आणि आर-२२ हिरव्या सिलिंडरमध्ये येई, पण रंगाचा डबा कोणीही विकत घेऊ शकतो. कंटेनरच्या दाराशी अस्सल मालाच्या दोन रांगा लावून मागे दुसराच माल ठेवायचा, ही जुनी युक्ती आहे. म्हणून आतला माल बाहेर काढून बघितल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही. "वापरलेला, शुद्ध करून परत आणलेला" अशा नावाखाली कोरा माल आणणे ही आणखी एक युक्ती.

मला वाटले, दाब मोजला की काम झाले. भाचा हसला. २५ अंश तापमानाला आर-२२चा दाब बराच जास्त असतो, त्यामुळे तो ओळखू येतो. पण आर-१२ आणि आर-१३४ए यांचे दाब इतके जवळजवळ आहेत की साध्या मीटरवर फरक कळणे मुश्कील. म्हणजे चोराने नेमकी जोडी निवडली! इथे एक हातात मावणारे यंत्र कामी येते. त्यात वायूचा किंचित नमुना सोडला की ते अवरक्त किरणांनी तपासून कोणता वायू किती टक्के आहे ते आकड्यांत दाखवते. तरी खटला उभा राहतो तो प्रयोगशाळेच्या अहवालावर. नमुना घेताना मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून उभे राहायचे, हेही शिकवतात. हा धडा आमच्या गॅरेजवाल्यांना कोणी दिला असता तर!

आपल्याकडे हे काम दिल्लीचा ओझोन सेल आणि कस्टम्सची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था मिळून करतात. २००६ साली आशिया-प्रशांत भागातल्या कस्टम्स खात्यांनी अशा मालावर एकत्र नजर ठेवण्याची मोहीमही काढली होती. पण मला सगळ्यांत पटलेली गोष्ट अगदी साधी आहे. माल निघण्यापूर्वी विकणाऱ्या देशाचा ओझोन अधिकारी घेणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला विचारतो, "हा परवाना तुम्हीच दिला ना?" खोटा परवाना तिथेच उघडा पडतो.

भाच्याच्या बोलण्यातला एक भाग मात्र ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आर-१३४ए म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली सिलिंडरांत मिथाइल क्लोराइड सापडते. म्हणजे ज्या विषाला हटवण्यासाठी सी.एफ.सी. आले, तेच विष शंभर वर्षांनी मागच्या दाराने परत आले. हा वायू अॅल्युमिनियमशी संयोग पावतो आणि त्यातून हवा लागताच पेट घेणारे द्रव्य तयार होते. २०११ साली जहाजांवरच्या थंड कंटेनरांत असा भेसळीचा वायू भरला गेला, त्यांचे कॉम्प्रेसर फुटले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार मेले. मिथाइल क्लोराइडची बाधा मेंदूवर होते. चक्कर, झोप, अडखळते बोलणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात, आणि काही तास गेल्यावरही ती वाढू शकतात. "प्यायलाय" म्हणून अशा रोग्याला घरी झोपवून ठेवणे जिवावर बेतू शकते.

ओझोनबद्दल एक खुलासा करतो, कारण रोगी विचारतात. ओझोन विरळ झाला की अतिनील किरण जास्त पोचतात. त्यांनी मोतीबिंदू आणि कातडीचा कर्करोग वाढतो, हे खरे. पण आपल्या शिरूर-दौंडच्या आकाशात भोक पडलेले नाही. उष्ण कटिबंधात ओझोन फारसा घटलेला नाही. इथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाचा परिणाम होतो तो मुळातच इथले ऊन कडक असल्यामुळे, तेव्हा टोपी आणि चष्मा सोडू नये. करार पाळला गेला तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४०च्या सुमारास आणि दक्षिण ध्रुवावरचा २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मात्र पाळला गेला तर. २०१८ साली हवेतल्या मोजमापांवरून कळले की बंदी असलेला सी.एफ.सी.-११ कोणीतरी नव्याने सोडत आहे; माग पूर्व चीनपर्यंत गेला, आणि त्यानंतर तो पुन्हा घटला.

गॅरेजवाल्यांनी आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांनी एवढे करावे : गॅस भरताना शटर पूर्ण वर ठेवावे. गळती झाली तर आधी बाहेर पडावे, सिलिंडर नंतर. जवळपास विडी-काडी नको, कारण ज्वाळेत हे वायू फुटून फुप्फुस जाळणारे विषारी वायू तयार होतात. गोठलेली बोटे चोळू नयेत, शेकू नयेत. कोमट पाण्यात धरावीत. आणि डॉक्टरकडे येताना सिलिंडरवरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन यावे.

पोराची बोटे वाचली. एका बोटाच्या टोकाला अजून बधिरता आहे. परवा मालकच रक्तदाब तपासायला आला होता. त्या विक्रेत्याकडे त्याने पुढच्या वेळी पक्के बिल मागितले. "देतो म्हणाला," मालक सांगत होता, "पण त्यानंतर माझा फोनच उचलत नाही."