खोलीची खोली मोजणारा कॅमेरा

२७ ऑगस्ट २०२३. चंद्रावर फिरणाऱ्या ‘प्रज्ञान’ रोव्हरला समोर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तोही तीन मीटरवरून. इस्रोने त्याला आल्या वाटेने मागे फिरवलं. पण सपाट फोटोवरून खड्ड्याचं अंतर कळतं कसं?

प्रज्ञानवर दोन ‘नॅव्हकॅम’ शेजारी शेजारी बसवले होते, आपल्या डोळ्यांसारखे. एकाच्या चित्रात दगड जिथे दिसतो, तिथून थोडा सरकून तो दुसऱ्याच्या चित्रात दिसतो. जास्त सरकला तर दगड जवळ. बाकी हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा. (ती कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या पोरांना हा खड्डा दाखवावा.)

पंचाईत होते कोऱ्या भिंतीसमोर. दोन चित्रं जुळवायला तिथे खूणच नसते. खूण नसेल तर आपण टाकावी, हा तोडगा २०१० साली घरोघरी पोचवला मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने. त्यातलं तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. व्हिडिओ गेमचं हे उपकरण दिवाणखानाभर अदृश्य अवरक्त ठिपके उधळायचं. ठिपक्यांची रांगोळीच, पण मुद्दाम विस्कटलेली; कुठलाही तुकडा पाहिला तरी तो नेमका कुठला, हे ओळखता यावं म्हणून. ठिपका ठरल्या जागेवरून किती सरकला, ते पाहून खोलीची खोली मोजली जायची. २०१३ मध्ये ॲपलने ही कंपनी विकत घेतली. २०१७ च्या ‘आयफोन टेन’पासून तसे तीस हजारांहून अधिक ठिपके मालकाच्या चेहऱ्यावर पडू लागले.

खरी झेप मात्र मला त्यापुढची वाटते. तिथे कॅमेरा डोळ्याची नक्कल सोडून घड्याळ होतो. प्रकाश सोडायचा आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला, ते मोजायचं. सोपं वाटतं, पण प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात तीस सेंटिमीटर जातो. एका सेंटिमीटरचा फरक ओळखायचा तर त्या अब्जांशाचाही पंधरावा हिस्सा मोजता यायला हवा. एकेका फोटॉनची चाहूल घेणारे सेन्सर चिपवर मावू लागले, तेव्हा हे खिशात आलं. २०२० च्या ‘आयपॅड प्रो’मधला लायडार पाच मीटरपर्यंतचं अंतर असंच मोजतो.

भर उन्हात मात्र सूर्याच्याच अवरक्त किरणांत हा प्रकाश हरवतो. काळं मखमली कापड तो गिळून टाकतं आणि काचेतून तो सरळ आरपार जातो. म्हणून काचेचं दार ओळखण्यासाठी यंत्रमानवांना पुष्कळदा कॅमेऱ्याच्या जोडीला आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर बसवतात.