मावशीची गोधडी निघाली विलायतेला

मुलांनो, गोधडी आपल्या घरोघरी असते. पण ती शिवायला शिकवण्यासाठी कुणी परदेशी जाते, असे कधी ऐकले आहे का? आपल्या अंबडची माझी मावशी पुढच्या महिन्यात इंग्लंडला जाणार आहे. तिची मुलगी तिकडे असते. तिथल्या काही बायका एकत्र बसून रजया शिवतात. त्यांनी मुलीच्या घरी आपली गोधडी पाहिली आणि चार दिवस येऊन शिकवा, असा निरोप धाडला.

आधी कागदपत्रे. पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा म्हणजे त्या देशाने दिलेली आत येण्याची परवानगी. पाहुणी म्हणून जाणे निराळे आणि मोबदला घेऊन शिकवणे निराळे. दोन्हींचे नियम वेगळे, म्हणून कशासाठी जातो ते खरे लिहावे लागते. अर्जात व्यवसायही विचारतात. मावशी म्हणाली, "काही नाही असं लिही गं. घरीच तर असते मी." चाळीस वर्षे जिने गल्लीभर गोधड्या शिवून दिल्या, तिचा व्यवसाय काही नाही? मी लिहिले, 'गोधडी शिवणे'. बराच वेळ ती त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत बसली.

आता शिकवायचे काय ते ऐका. जुने सुती लुगडे धुऊन जमिनीवर ताणून पसरायचे. नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर लांब, त्यामुळे दुमडले की खालचा-वरचा दोन्ही थर त्यातच निघतात. मध्ये धोतराचे, सदऱ्याचे तुकडे सपाट लावायचे. लांब लांब कच्चे टाके घालून सगळे जागेवर धरायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. विलायती बायका बहुधा मधून सुरुवात करून कडेकडे जातात. आपली पद्धत उलटी, म्हणून डाव्या हाताने कापड सतत पुढे सारावे लागते. नाहीतर मधोमध फुगा येतो! दोन ओळींमध्ये ज्या बारीक सुरकुत्या पडतात, त्यांत हवा अडकून राहते. गोधडीची ऊब त्या हवेचीच. आपल्याकडच्या पौषातल्या थंडीत तुम्ही ती अनुभवलीच आहे.

मावशीला इंग्रजी येत नाही, याची तिला फार धास्ती. "माझ्या तोंडाला कुलूप, मी काय शिकवणार?" मग आम्ही वीतभर लांबी-रुंदीचे चार नमुने केले. पहिल्यात नुसते थर, दुसऱ्यात कच्चे टाके, तिसऱ्यात अर्धा धावदोरा, चौथा पुरा. वर्गात मी तक्ते टांगते ना, तसेच हे. धावदोरा काही जगाला नवा नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, जपानची साशिको, सगळीकडे तोच टाका. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीस बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या गरीब काळ्या शेतकरी बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. हे सांगितल्यावर मावशी जरा सावरली. "म्हणजे आपल्यासारख्याच की त्या!"

बॅगेचा हिशेब मात्र अवघड. मोठी गोधडी काट्यावर 3 किलो 200 ग्रॅम भरली. विमानात किती वजन न्यायचे ते तिकिटावर ठरलेले, म्हणून एकच मोठी आणि बाकी बाळांची दुपटी. कात्री हातातल्या पिशवीत चालणार नाही, ती मोठ्या सामानात. सुया मात्र तिने इथूनच घेतल्या. दुसऱ्या सुईने हात वळत नाही म्हणते.

खरी अडचण लुगड्यांची आहे. घरोघरी आता नायलॉनच्या साड्या. त्या गोधडीत सरकतात, घाम टिपत नाहीत. शिकवण्यापुरती जुनी सुती लुगडी जमवायला मला सहा घरे पालथी घालावी लागली. आजीची पेटी उघडली तरच एखादे मिळते.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मावशी आपल्याकडे येणार आहे. पहिला धडा ती तुम्हालाच देणार, आणि तोंडाने एक शब्दही न बोलता! तुम्हाला समजले तर इंग्लंडच्या बायकांनाही समजेल, असे तिचे म्हणणे. मुलगे-मुली दोघांनीही बसायचे. सुईदोरा मी देईन. घरून हातभर जुने सुती फडके धुऊन आणा.