थंड न होणारा फ्रिज आणि न तापणारा हीटर

फ्रीजरमध्ये आइसक्रीम टणक आहे, बर्फाच्या वड्याही होत आहेत. पण खालच्या कप्प्यातलं दूध सकाळी नासलेलं आणि कोथिंबीर मलूल. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची ही तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते. तिचं निदान पुष्कळदा फ्रिज न उघडताच केलं जातं: गॅस गेला. अशी लक्षणं दाखवणाऱ्या बऱ्याच फ्रिजांत गॅस पुरेपूर असतो. बंद पडलेला असतो तो फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेला एक हीटर, किंवा त्याला चालू-बंद करणारी साखळी. या हीटरबद्दल इतके गैरसमज आहेत की त्यापायी लोक नको तो खर्च करतात आणि कधी कधी नको तो धोकाही पत्करतात.

“फ्रॉस्ट-फ्री म्हणजे त्यात बर्फ साठतच नाही”

साठतो, फक्त आपल्याला दिसत नाही. या फ्रिजमध्ये थंड होणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते. तिच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून पंखा हवा ओढतो आणि ती गार हवा वरच्या-खालच्या कप्प्यांत खेळवतो. कॉइलचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, उघड्या भांड्यांतली वाफ तीत मिसळते, आणि हे सगळं बाष्प कॉइलवर हिमाच्या रूपात जमतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तर भराभर जमतं.

ते काढायचं काम हीटरचं. जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये एक टायमर असतो. कंप्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की टायमर कंप्रेसर आणि पंखा थांबवतो आणि हीटरला वीज देतो. १५ ते ३० मिनिटांत हिम वितळतं. कॉइलला चिकटवलेलं बायमेटल ती पुरेशी तापल्याचं ओळखून हीटर तोडतं. पाणी खालच्या पन्हाळीतून नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेने तिथेच उडून जातं. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमरची जागा इलेक्ट्रॉनिक बोर्डाने आणि बायमेटलची जागा बहुतेक वेळा सेन्सरने घेतली आहे; क्रम तोच.

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये हा हीटर सहसा नसतोच. तिथे थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबून बर्फ वितळू द्यायचा असतो. ज्यांना तेवढी वाट पाहवत नाही ते सुरी किंवा उलथनं चालवतात, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडतं. गॅस खरोखर जातो तो असा.

“गॅस संपला असेल, भरून घ्या”

सर्वांत खर्चिक गैरसमज हाच, आणि मला सर्वांत जास्त खटकतो तोही हाच. फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरासारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे काही दिवसांत पुन्हा तीच वेळ आणणं.

हीटर बंद पडल्यावर घडतं ते वेगळं. हिमाचे थर एकावर एक चढत जाऊन पात्यांमधल्या फटी बुजतात. ॲल्युमिनियमच्या तुलनेत बर्फातून उष्णता सुमारे शंभर पटींनी कमी वाहते. त्याहून वाईट म्हणजे हवेला जायला वाटच उरत नाही. कॉइल गारच असते, पण तिचा गारवा खाली पोहोचत नाही. फ्रीजर कॉइलच्या शेजारी म्हणून आणखी काही दिवस तग धरतो. खालचा कप्पा आधी हरतो. कंप्रेसर मात्र अथक चालू राहतो, आणि वाढलेला बर्फ पंख्याच्या पात्यांना लागला तर घरघर किंवा टकटक ऐकू येते.

गॅस कमी असेल तर चित्र उलटं दिसतं. मागचं पॅनेल काढलं की कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच थोडं हिम आणि उरलेली कॉइल कोरडी. अशा वेळी फ्रीजरमधला बर्फही नीट धरत नाही. हीटर गेलेला असेल तर संपूर्ण कॉइल पांढऱ्या थराखाली गडप झालेली असते. म्हणून “दादा, आधी पॅनेल काढून कॉइल दाखवा” एवढं म्हणायला संकोच करू नये. कॉइल न पाहता गॅस भरायला निघालेल्या कारागिराला थांबवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे. आज घरगुती फ्रिजांत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा आर-६००ए हा गॅस म्हणजे आयसोब्यूटेन, ज्वलनशील. तो थोडाच असतो, पण बंद स्वयंपाकघरात नळी कापून टॉर्चने जोडकाम करणं त्यासाठी प्रशिक्षण नसलेल्याचं काम नव्हे. बहुतेक मॉडेलांत हीटर बदलताना गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. हीटर बदलायला आलेल्याने टॉर्च पेटवली, तर ती कशासाठी हे आधी विचारावं.

“एक दिवस बंद ठेवला, आपोआप बरा झाला”

बरा झालेला नसतो. दारं उघडी ठेवून फ्रिज २४ तास बंद ठेवला की साठलेला बर्फ वितळतो, हवेच्या वाटा मोकळ्या होतात आणि खालचा कप्पा पुन्हा गार पडतो. काही दिवसांनी, फार तर दोन-तीन आठवड्यांनी, तक्रार परत येते. पण हा खटाटोप वाया जात नाही, कारण त्यातून निदान होतं. विश्रांतीनंतर फ्रिज काही दिवस उत्तम चालून पुन्हा बिघडत असेल, तर गॅस आणि कंप्रेसर जवळजवळ निर्दोष ठरतात आणि संशय हिम वितळवणाऱ्या साखळीवर येतो. गळका फ्रिज अशा विश्रांतीने सुधारत नाही.

बर्फ काढायची घाई असेल तर कप्प्यात कोमट पाण्याचं भांडं ठेवावं, समोर टेबल-फॅन लावावा. उकळतं पाणी ओतल्याने आतलं प्लॅस्टिक वाकतं. आणि दुरुस्ती होईपर्यंत दूध, मासे, शिजवलेलं अन्न खालच्या कप्प्याच्या भरवशावर ठेवू नये. तिथलं तापमान ५ अंशांच्या वर गेलं की जिवाणूंची वाढ वेग घेते.

“हीटर बदलला म्हणजे झालं”

कॉइलवर बर्फ साठला म्हणजे हीटरच जळाला असं नाही. हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज आणि टायमर किंवा बोर्ड, यांतला एकही दुवा तुटला तरी परिणाम एकच. नवा हीटर बसवूनही महिनाभरात बर्फ परत येतो, तेव्हा दोष बहुधा दुसऱ्या दुव्यात असतो.

हीटरची तपासणी सोपी आहे. फ्रिजचा प्लग काढून हीटरच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावायचा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या हीटरचा रोध साधारण ३५० ओहम भरतो, २०० वॅटच्या हीटरचा २६५च्या आसपास. रोध अनंत दाखवला तर आतली तार तुटली आहे. काचेच्या नळीचा हीटर असेल तर कधी कधी काळवंडलेली किंवा तडकलेली नळी डोळ्यांनाच दिसते. पण ठाकठीक आकडा आला, तर हीटरला निर्दोष मानून पुढे जायचं.

बायमेटलशी येऊन भलेभले फसतात. ते कॉइल अतिशय गार असतानाच जोडलेलं असतं आणि तापमान चढलं, साधारण १० अंशांच्या पुढे गेलं, की तुटतं. म्हणजे काढून टेबलावर ठेवलेल्या चांगल्या बायमेटलमध्येही मल्टिमीटर ‘तुटलेलं’च दाखवतो. ते पाहून बायमेटल खराब ठरवणं चुकीचं, कारण ते मुद्दाम तसंच बनवलेलं आहे. त्याची खरी परीक्षा थंडीत. बरीचशी बायमेटल शून्याच्या खाली गेल्यावरच जोडली जातात, तेव्हा नुसता बर्फ पुरत नाही. बर्फात मीठ मिसळावं, मिश्रणाचं तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं; त्यात पिशवीत गुंडाळलेलं बायमेटल काही मिनिटं ठेवावं आणि मग मोजावं. तेव्हाही जोडलं गेलं नाही, तर ते खरोखर गेलेलं.

टायमरच्या फ्रिजमध्ये टायमरची खाच स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवली की ‘टक्’ आवाज येऊन कंप्रेसर थांबतो आणि हीटरची पाळी सुरू होते. कंप्रेसर थांबला, हीटर आणि बायमेटल चांगले आहेत आणि कॉइल गार असूनही हीटर तापला नाही, तर फ्यूज आणि टायमर तपासायचे. टायमर त्याच जागी अडकून पडला, म्हणजे कंप्रेसर परत सुरूच झाला नाही, तर टायमर बदलायचा. विजेचं हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं, पण क्रम आपल्याला ठाऊक असला की कोणता भाग कशासाठी बदलला जातोय हे कळतं.

“फ्यूज काढून थेट जोडलं तरी चालतं”, “जास्त वॅटचा हीटर लावला तर बर्फ लवकर वितळतो”

दोन्ही गोष्टी करू नयेत, आणि कोणी करत असेल तर करू देऊ नयेत. थर्मल फ्यूज साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि एकदा गेला की बदलावाच लागतो. टायमर अडकला किंवा बायमेटल चिकटून बसलं, तर हीटर थांबवायला शेवटी तो एकटाच उरतो. हीटरभोवती प्लॅस्टिकचं पॅनेल, बऱ्याच फ्रिजांत थर्माकोलचा हवामार्ग आणि भिंतीत फोम असतो. हे सगळं पेटणारं. फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

वॅटचंही तसंच. हीटरची शक्ती त्या कॉइलच्या आकाराला, पन्हाळीला आणि फ्यूजला जुळवून ठरवलेली असते. ज्वलनशील गॅसच्या फ्रिजमध्ये तर हीटरच्या पृष्ठभागाचं तापमान गॅसच्या ज्वलनबिंदूपेक्षा किमान १०० अंश कमी राहावं असा आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा दंडक आहे. म्हणून भाग घेताना फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक दाखवून तोच घ्यावा. ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून मिळणारा हीटर लांबीला बसला तरी वॅटला बसेल याची खात्री नसते.

ज्या गावांत विजेचा दाब कायम कमी असतो तिथे मात्र हीटर चांगला असूनही अपुरा पडू शकतो. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर १५० वॅटचा हीटर जेमतेम ९२ वॅट देतो. ठरलेल्या वेळात बर्फ पूर्ण वितळेलच असं नाही. तिथे मोठा हीटर हा उपाय नव्हे, स्टॅबिलायझर आहे.

“हा हीटरच बिल वाढवतो”

१५० वॅटचा हीटर दिवसातून तीन वेळा २० मिनिटं चालला असं धरलं, तर दिवसाला ०.१५ युनिट, महिन्याला साडेचार युनिट. आत आलेली उष्णता बाहेर काढायला कंप्रेसरला थोडं जास्त चालावं लागतं, तेही धरावं. उलट बर्फाने बुजलेल्या कॉइलपायी १२० वॅटचा कंप्रेसर दिवसभर न थांबता चालला, तर एका दिवसात २.८८ युनिट जातात. हिशेब इतका सरळ असताना हीटरची तार काढून टाकणारे लोक आहेत, याचं वाईट वाटतं.

बदलताना काय पाहावं

प्लग काढलेला, बर्फ पूर्ण वितळलेला. बर्फाने चिकटलेलं पॅनेल ओढलं तर ते तुटू शकतं. कॉइलची पाती ब्लेडइतकी धारदार असतात, म्हणून हातमोजे. जुना हीटर काढण्याआधी तो कुठे, कसा अडकवला होता आणि वायरी कुठून गेल्या होत्या याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. काचेची नळी उघड्या बोटांनी धरू नये, डाग लागला तर कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावा. नवा हीटर जुन्याच जागी, जुन्याच क्लिपांत बसला पाहिजे. वायर कॉइलच्या पात्यांना किंवा हीटरला टेकता कामा नये, जोड ओल्या जागी उघडा राहता कामा नये.

पॅनेल बंद करण्याआधी पन्हाळीत वाटीभर कोमट पाणी ओतावं. ते मागच्या ट्रेमध्ये उतरलं पाहिजे. पाणी तिथेच थांबलं तर नळी तुंबलेली आहे. अशी नळी साफ न करता पॅनेल लावलं, तर वितळलेलं पाणी पुन्हा गोठून कॉइलच्या पायथ्याशी बर्फाची लादी होते किंवा भाजीच्या खणात पाणी साचतं, आणि दोष नव्या हीटरच्या माथी येतो. दाराच्या रबराची पकडही त्याच वेळी तपासावी: दारात कागद धरून दार लावायचं, कागद सहज ओढून निघाला तर दमट हवा तिथून दिवसभर आत येत आहे.