प्रश्न विचारणारे लेकरू

ताडीवाला रोड असो, येरवडा असो, दापोडी असो की कासेवाडी, आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे लेकरू असतेच. बुद्धवंदना दोनदा कानावर पडली की तिसऱ्यांदा ते तोंडपाठ म्हणते. किराणा दुकानदाराने सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकवला, तर आईच्या आधी त्याच्या लक्षात येते. विहारात कार्यक्रम चालू असताना ते मोठ्याने विचारते, "सगळे समान आहेत तर पाहुणे खुर्चीवर आणि आजी सतरंजीवर का?" सभेत हशा पिकतो. बापाची छाती फुगते, आईला मात्र कुठे तोंड लपवू असे होते.

अशा पोराचा आनंद फार मोठा असतो. दिवसभर हमाली करून, धुणीभांडी करून, कारखान्यात पाळी भरून घरी आलेल्या आईबापांचा शीण त्याच्या एका बोलण्याने जातो. पण त्याच घरात दुसऱ्या दिवशी दहावा प्रश्न आला की आवाज चढतो, "लई शहाणा झालास का? गप बस." कौतुक आणि दटावणी यांच्या मधल्या जागेत या पोरांचे बालपण जाते. आज आम्हाला बोलायचे आहे ते याच जागेबद्दल. कारण आपल्या समाजाची पुढची पायरी तिथेच घडते किंवा मोडते.

पुण्याच्या मुक्ताचा प्रश्न

आपण पुण्याचे आहोत, तेव्हा सुरुवात पुण्याच्याच एका मुलीपासून करू. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांच्या शाळेत ती तीन वर्षे शिकली आणि सुमारे चौदा वर्षांची असताना तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात तो दोन भागांत छापून आला.

त्या निबंधात रडगाणे नव्हते, प्रश्न होते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते बघण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. पेशवाईत याच पुण्याच्या गुलटेकडीच्या मैदानावर आपल्या माणसांच्या शिराचा चेंडू केला जाई, हे तिने लिहून ठेवले. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात तेव्हा त्यांचे काय हाल होतात, तेही तिने मांडले. आणि शेवटी आपल्याच लोकांना सांगितले की शिका.

तीन वर्षांच्या शिक्षणावर एवढे! मुक्ताला तल्लख डोके होतेच, पण तिच्या प्रश्नाला "गप बस" न म्हणणारे गुरुजी आणि बाई तिला भेटले, हे विसरून चालणार नाही. त्याच गल्लीत तिच्याइतकी हुशार आणखी किती मुले असतील, ज्यांना ती शाळाच मिळाली नाही!

रामजी सुभेदारांचे घर

बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा आपण रोज जयजयकार करतो. त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी मात्र मुलांना सांगताना आपण गोडगोड करून सांगतो. लहानगा भीम हट्टी होता. साताऱ्यात असताना घरातून पळून मुंबईला जायचे आणि गिरणीत कामाला लागायचे, असा बेत त्याने केला होता. त्यासाठी तो आत्याच्या कमरेच्या पिशवीवर चार रात्री टपून होता. अखेर पिशवी हाती लागली आणि तिच्यात निघाला अर्धा आणा! तेव्हा पळून जाण्याचा नाद सोडून अभ्यास करायचा, असे त्याने ठरवले. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. तेव्हा तुमचे हुशार पोर एखादा उपद्व्याप करून बसले, तर ते वाया गेले असे समजू नका.

पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. सामान, माणसे, धूर, सगळे तिथेच. रामजी सुभेदारांनी यावर उपाय काढला. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत.

यातून आपल्याला एक नेमकी गोष्ट शिकता येते. वेगळी खोली नसली तरी वेगळी वेळ काढता येते. दहा बाय बाराच्या घरात टीव्ही आणि मोबाईल रोज ठरलेला दीड तास बंद राहू शकतो. त्या वेळात मोठ्यांनीही समोर काही वाचत बसावे. बापाला वाचता येत नसेल तर मुलाने मोठ्याने वाचावे आणि बापाने ऐकावे. ऐकणारा कान मिळाला की पोराचे डोके दुप्पट चालते.

गुणांचा आकडा

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने शेजारीपाजारी नाक मुरडतील असा हा आकडा! म्हणून गुणपत्रिकेवरून लेकराची किंमत ठरवू नये.

बुद्धी मोजण्याच्या चाचण्यांचेही तसेच आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली अशी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे अमेरिकेत टर्मन नावाच्या प्राध्यापकांनी १९२१ पासून चाचण्या घेऊन दीड हजारांवर 'बुद्धिमान' मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाचणीत न बसलेल्या दोन मुलांनी, शॉक्ली आणि अल्व्हारेझ यांनी, पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले, एकाने १९५६ साली आणि दुसऱ्याने १९६८ साली!

याचा अर्थ परीक्षा देऊ नयेत असा नाही. आपल्या पुण्यातच अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली 'ज्ञान प्रबोधिनी' काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि १९६९ पासून तिची शाळा चालू आहे. अशा ठिकाणच्या प्रवेश परीक्षेला आपल्या मुलांनी धिटाईने बसावे. निवड झाली तर आनंदच. नाही झाली तर पोर तेवढेच हुशार राहते, हे त्याला त्याच संध्याकाळी सांगावे.

शाबासकी कशाची द्यावी?

"आमचा बंड्या म्हणजे नुसता कम्प्युटर आहे!" असे आपण पाहुण्यांसमोर कौतुकाने म्हणतो. त्यात काय वाईट? १९९८ साली अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या दोन बाईंनी पाचवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना कोडी घातली. ती सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटले, तर काहींना "तू कष्ट घेतलेस" म्हटले. पुढे अवघड कोडी आली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुले खचली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. कष्टाची शाबासकी मिळालेली मुले झटत राहिली. एवढेच नाही, हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी आपले गुण इतरांना वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का टिकवण्यासाठी ती खोटे बोलू लागली.

कष्टाची किंमत आपल्या घरांना शिकवावी लागत नाही. ती फक्त पोराच्या वहीपर्यंत न्यायची आहे. "तीनदा चुकलास तरी गणित सोडले नाहीस, हे बरे केलेस," असे म्हणून बघा.

हुशारी आणि लबाडी

तल्लख पोर खोटेही तल्लखपणे बोलते आणि आपण हसतो. इथे भगवान बुद्धांनी राहुलाला दिलेला उपदेश आठवावा. परंपरेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी ठेवले. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यात चांगुलपणा एवढासाच, असे त्यांनी दाखवले. मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, रिकामे भांडे पुढे धरले. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये आणि आरशात पाहावे तसे आपले प्रत्येक काम तपासून पाहावे, असे सांगितले. सम्राट अशोकाने आपल्या बैराट-भाब्रू शिलालेखात ज्या मोजक्या उपदेशांची शिफारस केली, त्यात खोटे बोलण्याविषयीचा हा राहुलाचा उपदेश आहे.

एक तांब्या, थोडे पाणी आणि समोर बसलेले मूल. मारझोड नाही की शिव्या नाहीत. हे साधन प्रत्येक घरात आहे.

शाळेत 'आगाऊ'

आता अवघड भाग. बड्या घरच्या पोराने वर्गात उलट प्रश्न केला तर तो 'स्मार्ट' ठरतो. तोच प्रश्न वस्तीतल्या पोराने केला की 'आगाऊ', 'उद्धट' असा शेरा मिळतो. सगळे शिक्षक असे नसतात. जीव लावणारे गुरुजी आणि बाई आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण शाळेतून तक्रार आली की आपण घाबरतो, पोराचे ऐकून न घेता त्याच्या पाठीत रपाटा घालतो. पोर समजायचे ते समजते आणि हात वर करणे सोडून देते.

आमचे सांगणे असे. आधी घरी शांतपणे विचारा, काय झाले, तू नेमके काय म्हणालास? एक दिवसाचा खाडा झाला तरी आई आणि बाप दोघांनी शाळेत जावे, नम्रपणे पण बसून बोलावे. पोराचे बोलणे खरेच वावगे असेल तर त्याने माफी मागावी. प्रश्न रास्त असेल तर तो कधी आणि कोणत्या शब्दांत विचारावा, हे त्याला शिकवावे. धडा संपल्यावर "सर, मला हे कळले नाही" असे म्हणता येते. पुष्कळदा पोराची मस्ती ही कंटाळ्यातून येते. त्याचे गणित सर्वांआधी झालेले असते. बाईंना विनंती करून त्याला पुढचे, अवघड काम मागून घ्यावे.

घरचा कारकून, घरची ताई

हुशार पोरावर घराचा भार लवकर पडतो. बँकेचा फॉर्म, लाईटचे बिल, दवाखान्यातली चिठ्ठी, मोबाईलवरचा अर्ज, सगळे त्याच्याकडे. त्यातून ते धीट होते, हे खरे. पण परीक्षेच्या आठवड्यात त्याला रांगेत उभे करू नये. घरचे कर्ज, भांडणे यांचा पंचही त्याला करू नये. बोलणे मोठ्यांसारखे असले तरी वय दहाच असते. त्याला खेळू द्या, चुकू द्या.

मुलगी हुशार असेल तर तिची परीक्षा दुहेरी. भावाने पुस्तक उघडले की घर शांत होते, तिने उघडले की भाकऱ्या आठवतात. मुक्ताच्या आणि सावित्रीमाईंच्या पुण्यात तरी असे होऊ नये. भाकरी भावालाही थापता येते. आणि घरात दुसरे लेकरू सावकाश शिकणारे असेल, तर दोघांची तुलना कधीही करू नये. एकाचे कौतुक म्हणजे दुसऱ्याला टोमणा, असे झाले की दोन्ही लेकरे दुखावतात.

एक केळुसकर गुरुजी हवेत

शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या भीमरावाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी त्याची चौकशी केली, पुस्तके दिली. मॅट्रिकच्या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या महाराजांपर्यंत त्याची ओळख करून दिली. आईबापांखेरीज असा एक मोठा माणूस प्रत्येक हुशार मुलाला मिळाला पाहिजे. आपल्या वस्तीत बँकेत, शाळेत, कारखान्यात, सरकारी कचेरीत असलेली शिकलेली माणसे आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात येऊन बसावे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग शब्दकोश, नकाशे आणि गोष्टींची पुस्तके घेण्यासाठी बाजूला काढावा. अभ्यासिकेचा दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहावा.

काही गोष्टी वेळेवर कराव्यात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा असतात, त्यांच्या अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवावे. शासनाच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता मधल्या काळात बदलल्या आहेत, म्हणून शाळेत विचारून घ्यावे. आठवीत केंद्राची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. यंदाच्या अटी आणि तारखा मुख्याध्यापकांना विचाराव्यात.

तुमचे लेकरू उद्या पुन्हा विचारेल, "असं का?" उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर म्हणा, "मला ठाऊक नाही, चल, आपण शोधू." असे म्हणायला पदवी लागत नाही की पैसा लागत नाही. ज्या घरात प्रश्नाला जागा असते, त्या घरातले लेकरू जगापुढे मान खाली घालून उभे राहत नाही.

जय भीम!