हातांखालून गेलेली 12 क्विंटल तंबाखू

एका विडीत साधारण 0.2 ग्रॅम तंबाखू असते. दिवसाला 1,000 विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांखालून रोज 200 ग्रॅम तंबाखू जाते. वर्षाचे 300 दिवस धरले तर 60 किलो, आणि 20 वर्षांत 12 क्विंटल. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर विडीसाठी ओळखले जाते. हे काम बहुतेक घरातच चालते, त्यामुळे तंबाखूची भुकटी शेजारी निजलेल्या लेकराच्या श्वासातही जाते.

या भुकटीने कॅन्सर होतो का? कामामुळे होणाऱ्या कॅन्सरचे गाजलेले आकडे परदेशातले आहेत. संशोधक डॉल आणि पीटो यांनी 1981 साली अमेरिकेतल्या कॅन्सरमृत्यूंपैकी पुरुषांत सुमारे 7 टक्के आणि बायकांत जेमतेम 1 टक्का मृत्यू कामाशी जोडले. ब्रिटनमध्ये 2005 सालच्या मृत्यूंसाठी हेच प्रमाण 8.2 आणि 2.3 टक्के निघाले. असे हिशेब बरेचसे कारखान्यांतल्या पुरुषांच्या अभ्यासांवर उभे असतात. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई त्यांत नाही. त्या 1 किंवा 2 टक्क्यांवरून सिन्नरच्या बाईला निर्धोक ठरवणे मला चुकीचे वाटते.

मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील महिमकर आणि भिसे यांना 1995 साली विडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचे बिघाड जास्त आढळले. असा बिघाड म्हणजे कॅन्सर नव्हे, पण तो धोक्याचा इशारा नक्कीच आहे. तंबाखूतली एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन्स नावाची रसायने माणसात कॅन्सर घडवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ठरवलेले आहे.

मग विडी वळणाऱ्या बायकांचा थेट अभ्यास करणे अवघड का? एक अडचण मिश्रीची, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची. विडी वळणारी बाई मिश्रीही लावत असेल, तर तोंडाच्या कॅन्सरचा दोष कामाला द्यायचा की मिश्रीला? म्हणून मिश्री न लावणाऱ्या बायकांची वेगळी तुलना हवी. दुसरी अडचण संख्येची. भारतात लाख बायकांमागे वर्षाला ढोबळमानाने 100 नवे कॅन्सर नोंदले जातात, सगळ्या अवयवांचे मिळून. 1,000 विडी कामगार बायकांवर 10 वर्षे लक्ष ठेवले, तरी सुमारे 10 रुग्ण दिसतील. त्यांत तोंडाचे किंवा फुप्फुसाचे मोजकेच, आणि तेवढ्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. अभ्यासाला हजारो बायका हव्यात, आणि काम सुटल्यावरही कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे, कारण असे कॅन्सर बरेचदा 10-20 वर्षांनी उमटतात.

या बायकांची यादी नव्याने करावी लागणार नाही. 1976 च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली ओळखपत्रे दिली गेली आहेत, अनेकींची भविष्य निर्वाह निधीची खातीही आहेत. त्या नोंदी रुग्णालयातल्या कॅन्सरच्या नोंदींशी जोडता येतील. त्यासाठी केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहिण्याआधी प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारावे लागतील: विड्या वळल्या का, आणि किती वर्षे?