आरशात दिसण्याआधी

उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या आक्कादेवीच्या जंगलात २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा तिथं जमलेली बहुतेक माणसं भातशेतीत नाहीतर मिठागरात राबणारी होती. वेगळ्या व्यायामाची त्यांना गरजच नव्हती. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, शेतं-मिठागरं आटली आणि तालुक्यातलं बरंचसं काम खुर्चीवर नाहीतर स्टिअरिंगमागे आलं. ओझं वाहायला क्रेन आल्या. शरीराला लागणारे कष्ट मात्र आता मुद्दाम काढावे लागतात.

चाळिशीतल्या कुणी रोज सकाळी डोंगराची चढण चढायला घेतली, तर पहिला पंधरवडा नुसती धाप. आतली उलथापालथ मात्र लगेच सुरू होते. रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. काही महिन्यांत विश्रांतीच्या वेळचे ठोके उतरतात. वजनं उचलणाऱ्याची ताकद सुरुवातीला वाढते ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे, तर मेंदू आणि मज्जातंतू आहेत तेच स्नायू जास्त नेटानं कामाला लावतात म्हणून. दंड डोळ्यांत भरायला दोनेक महिने तरी जातात. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही या काळात वाढतात. तीच चढण मग कमी दमवते.

स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात, हाडं त्याहून सावकाश. जोर आला म्हणून दुसऱ्या महिन्यात एकदम दुप्पट पळणाऱ्यांचे गुडघे आणि टाचा दुखतात, त्याचं एक कारण हेच. बरेच जण व्यायाम सोडतात तो मात्र पहिल्याच महिन्यात, वजनकाट्यावर रुसून. काट्याला यातलं काहीच कळत नाही.

साखरेचा हिशेब वेगळा. एका दिवसाच्या व्यायामानं स्नायू रक्तातली साखर जास्त सहज ओढून घेतात, पण हा परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून रविवारची एकच लांबलचक रपेट मधुमेह्याला पुरत नाही.

कष्ट थांबले की हेच सगळं उलटं फिरतं. अमेरिकेत डॅलसला १९६६मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयवाढीनं त्यांचा दम जेवढा कमी झाला, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांत घटला होता. मग पन्नाशीतल्या या पाचही जणांना सहा महिने चालणं, धावणं, सायकल असा व्यायाम दिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परतली.