गुरुवारचे दोन तास

धाकटं मूल घरात आलं की थोरलं एका रात्रीत 'मोठं' होतं. कालपर्यंत ज्याला घास भरवत होतो, त्यालाच आपण "जरा बाळाकडं बघ गं, तो पावडरचा डबा आण" म्हणून कामाला लावतो. मोठं म्हणजे किती मोठं? धाकटा झाला तेव्हा आमची थोरली जेमतेम चार वर्षांची होती.

म्हणून मी घरात एक नवाच रिवाज पाडला. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फक्त लेक आणि मी. धाकटा आजीजवळ. सासूबाईंना हे आधी अजिबात पटलं नाही. "दोघीच कशाला? त्यालाही ने की. आम्ही चार पोरं वाढवली, कुणाला असं वेगळं फिरवलं?" त्यांचंही खरंच होतं. पण त्यांच्या वेळी घरात जावा, नणंदा, शेजारपाजारणी. एखादं पोर रुसलं तर त्याला मांडीवर घेणारं कुणी ना कुणी असायचं. आता मांडी एकच, आणि तिच्यावर धाकटा बसलेला!

नियम दोनच. मोबाइल पर्समधून काढायचा नाही आणि 'जाता जाता' कुठलंही काम करायचं नाही. भाजी नाही, दळण नाही. हे दुसरं फार अवघड हं! आपल्या हातात पिशवी नसली की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. गणपतीचं दर्शन घ्यायचं, वाटेत भडंगाचा पुडा, मग कृष्णेचा घाट. बस्स. पहिले काही गुरुवार तिनं नुसती कुत्री मोजली.

मग 2025 च्या मे महिन्यातला एक गुरुवार. वळीव पडून गेलेला. घाटावरून आयर्विन पूल दिसतो, 1929 सालचा. त्याच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत आणि लेकीला तेव्हा दिसेल तो आकडा वाचायचं वेड होतं. मी सांगितलं, पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं, आपलं खालचं घर सगळं पाण्यात होतं.

तिचा भडंगाचा हात थांबला.

"आई, परत पूर आला तर तू आधी कुणाला उचलणार? बाळाला की मला?" आणि मी काही बोलायच्या आत, "तो लहान आहे ना, म्हणजे त्यालाच."

आवाजात तक्रार नव्हती. हिशेब करून ठेवलेला होता. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे पुराच्या गोष्टी निघतातच, आणि चित्रं रंगवत बसलेलं पोर सगळं ऐकत असतं.

"2019 ला तू सहा महिन्यांची होतीस," मी म्हटलं. "बोट दारात आली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी तुलाच वर दिलं."

"मी रडले?"

"झोपली होतीस."

हे तिला फार आवडलं. पण समाधान झालं नाही. "आता मी मोठी आहे."

"आता तो माझ्या कडेवर आणि तू बाबांच्या. एकदमच निघायचं."

"आजी?"

"आजी पुढं बसणार, सगळ्यांवर ओरडत."

ती खुदकन हसली. मग दप्तराचं काय, हा प्रश्न आला. तेव्हा मी तिला खरं तेच सांगितलं, की पाणी 40 वर आलं की सामान घेऊन सरळ मिरजेला मामाकडं जायचं, बोटीची वेळच येऊ द्यायची नाही. ती थोडा वेळ खांबाकडं बघत राहिली. "म्हणजे 45 ची वाट बघायची नाही," असं स्वतःशीच म्हणाली आणि उरलेलं भडंग संपवलं.

दर पावसाळ्याआधी आम्ही रेशनकार्ड, घराचे कागद, बँकेची पुस्तकं एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवतो. त्या आठवड्यात पिशवी भरताना तिनं आपली चित्रकलेची वही आत सारली आणि पिशवीवर स्केचपेननं मोठ्ठे 40 लिहिले. सासूबाईंनी विचारलं, "हे गं काय?" तर त्यांना हाताला धरून खाली बसवलं, आणि बाळालाही शेजारी बसवून, मामाकडं कधी आणि कसं जायचं ते तिनं दोघांना सांगितलं.